आग्वादचा तुरुंग रात्री पाहायचा तर उजेडातच आत शिरा

रात्री आठला टॉर्च घेऊन येणारा माणूस गोव्यातल्या आग्वादला टॉर्चच्या गोलात मावेल तेवढाच तुरुंग पाहतो. एक गज, एक कडी, भिंतीचा तुकडा, दोन सेल्फी, आणि मग जेवायला कळंगुट. नंतर तोच सांगत सुटतो, ‘काही विशेष नाही रे तिथे.’ त्याचं चुकत नाही. भिंती किती उंच, अंगण केवढं, समुद्र कुठल्या बाजूला, हे डोक्यात बसलेलं नसेल तर अंधार हा नुसता अंधारच असतो. म्हणून या लेखातली मुख्य सूचना आधीच सांगून टाकतो. सूर्यास्ताच्या तासभर आधी आत जा, सगळं उजेडात नीट पाहून घ्या आणि रात्र तुमच्या अंगावर तिथेच उतरू द्या. बाकी सगळी तयारी या एका तासासाठी आहे.

कुठला तुरुंग?

आग्वाद म्हणून दोन ठिकाणं आहेत आणि निम्मी मंडळी चुकीच्या ठिकाणी पोचतात. टेकडीवरचा किल्ला वेगळा. तो १६१२ मध्ये पुरा झाला. तिथे २३,७६,००० गॅलन पाणी मावणारी जमिनीखालची टाकी आहे, १८६४ चा दीपस्तंभ आहे. हा भाग पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि संध्याकाळी बंद होतो. तुरुंग आहे त्याच किल्ल्याच्या खालच्या भागात, मांडवीच्या मुखाशी, पाण्याला लागून. त्याची वाट वेगळी, तिकीट वेगळं. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘आग्वाद’ म्हणालात तर तो डोळे झाकून वर नेतो. ‘खालचं जुनं जेल’ असं स्पष्ट सांगा.

२०१५ मध्ये इथले कैदी कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवले आणि वास्तू रिकामी झाली. डागडुजी होऊन १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवा मुक्तीला साठ वर्षं झाली त्या दिवशी, पंतप्रधानांच्या हस्ते इथल्या संग्रहालयाचं उद्घाटन झालं. तेव्हा जाळी लटकलेला, छप्पर कोसळलेला तुरुंग मनात धरून याल तर निराश व्हाल. भिंती रंगवलेल्या आहेत, फलक लावलेले आहेत. मला स्वतःला रंग जरा जास्तच ताजा वाटतो. पण अंधार पडला की रंग दिसत नाही, हाही रात्री जाण्याचा एक फायदाच.

दुसरा तुरुंग रेइश मागूशचा, पणजीच्या समोरच्या काठावर. १५५१ पासूनचा हा किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग म्हणून वापरात होता. दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये तो लोकांना खुला झाला. हा संध्याकाळी लवकर बंद होतो, म्हणून रात्रीच्या बेतात त्याची जागा दुपारी.

गोव्यात जुन्या चौक्या आणि कोठड्या आणखीही आहेत, कुलूपबंद किंवा झाडीने गिळलेल्या. कुंपण ओलांडून त्यांत शिरू नका. तो गुन्हा आहे हे तर झालंच, पण कुजलेले वासे, कठडा नसलेली विहीर आणि वटवाघळांच्या विष्ठेची धूळ यांच्यापासून तिथे तुम्हाला सांभाळणारं कोणी नसतं. शिवाय गावातली माणसं अशा जागेला हात लावत नाहीत त्याला त्यांची कारणं असतात. गाव राखणाऱ्या अदृश्य शक्तींची, म्हणजे राखणदाराची, देवचाराची हद्द त्यांनी पिढ्यान् पिढ्या मानलेली आहे. तुमचा विश्वास असो वा नसो, पाहुण्याने ती मोडायची नसते.

दिवस निवडताना कालनिर्णय काढा

डिसेंबरात गोव्यात सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. आपल्याकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. म्हणजे हिवाळ्यात साडेसहालाच रात्र हाताशी येते आणि दार बंद होईपर्यंत भरपूर वेळ उरतो. मे महिन्यात अंधार पडेपर्यंत रखवालदार घड्याळाकडे बघायला लागलेला असतो.

चंद्राचंही पाहा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या वेळीच पणजीच्या बाजूने नदीवर वर येतो. दृश्य सुंदर असतं, पण अंगण इतकं उजळतं की तुरुंगाची रात्र कळत नाही. मला विचाराल तर संकष्टीची संध्याकाळ सर्वांत उत्तम. त्या दिवशी चंद्रोदय आठ-नवाच्या आसपास असतो, आणि त्याची वेळ घरात उपास करणारं कोणी ना कोणी तोंडपाठ सांगतं. तोवर काळोख, आणि परतताना रस्त्यावर चांदणं.

पावसाळ्यात जायचं का? जून ते सप्टेंबर जांभ्यावर शेवाळ धरतं आणि पायऱ्या साबणासारख्या होतात. लाटांचा आवाज मात्र त्याच दिवसांत ऐकण्यासारखा. तरुण असाल, बूट चांगले असतील तर जा. आजीला घेऊन नको. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा टाळाच. कांदोळीचा रस्ता तेव्हा रस्ता राहत नाही. १८ जून (गोवा क्रांतिदिन) आणि १९ डिसेंबर (गोवा मुक्तिदिन) या दोन तारखांना या जागेला अर्थ आहे. गर्दीची तयारी ठेवून जायला हरकत नाही.

फोनवर विचारायचे प्रश्न

वेळा, तिकिटाचे दर आणि संध्याकाळचे दृकश्राव्य कार्यक्रम मोसमाप्रमाणे बदलतात. इंटरनेटवरची जुनी वेळ धरून निघू नका, त्याच आठवड्यात फोन करा. ‘कधी बंद होतं?’ हा एकच प्रश्न पुरत नाही. शेवटचा प्रवेश किती वाजता, अंधार पडल्यावर कोठड्यांचा भाग उघडा राहतो की फक्त अंगण, त्या दिवशी आवारात लग्नाचा किंवा संगीताचा कार्यक्रम आहे का, हे तिन्ही विचारा. कार्यक्रम असेल तर दुसरा दिवस घ्या. ध्वनिवर्धकासमोर कुठलाच तुरुंग टिकत नाही.

दहा-बाराजणांचा गट असेल आणि तुम्हीच माहिती सांगणार असाल तर आधी कळवा. एखाद्या दालनातले दिवे पाच मिनिटं बंद करता येतील का, असंही नम्रपणे विचारून ठेवा. नाही म्हणाले तर वाद घालू नका, रात्रपाळीच्या माणसाला वर उत्तर द्यायचं असतं. हो म्हणाले तर त्याचं नाव लिहून ठेवा आणि पोचल्यावर त्यालाच भेटा.

आदल्या दिवशीची तयारी: नावं

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. गटातल्या प्रत्येकाला पोर्तुगीजांविरुद्धच्या गोवा मुक्तिलढ्यातला एकेक माणूस वाटून द्या. ज्याच्या वाट्याला जो आला, त्याने तिथे उभं राहून दोन मिनिटं त्याच्याबद्दल सांगायचं. कागद नको, अंधारात वाचता येत नाही आणि वाचलेलं ऐकवत नाही.

सुरुवात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांपासून करा. १९४६ मध्ये त्यांना पकडून आग्वादला डांबलं, लष्करी न्यायालयापुढे उभं केलं, आठ वर्षांची शिक्षा सुनावली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. त्याच वर्षी १८ जूनला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलिआंव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली. लोहियांना हद्दपार केलं, तर ते २९ सप्टेंबरला पुन्हा आले. कुळे स्टेशनावर अटक झाली आणि दहाएक दिवस आग्वादला काढून पुन्हा सीमेपार. कुन्हा आणि लोहिया या दोघांच्या स्मृतीसाठी इथल्या कोठड्या राखल्या आहेत. उजेड असतानाच त्या कुठे आहेत ते पाहून ठेवा.

मग मोहन रानडे. मूळचे मनोहर आपटे, सांगलीचे. गोव्यात सावईवेरेला मराठी शिकवायला आले आणि आझाद गोमंतक दल या सशस्त्र क्रांतिकारी संघटनेत गेले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. १९६० मध्ये त्यांना पोर्तुगालला नेलं, आणि पुढचाच भाग ऐकणाऱ्याला बसल्या जागी हलवतो. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, रानडे मात्र १९६९ च्या जानेवारीत सुटले. सात वर्षं, ज्या राजवटीशी लढले ती गोव्यातून गेल्यानंतरची, त्यांनी लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात काढली. त्यांच्या सुटकेसाठी इकडे ज्यांनी जिवाचं रान केलं त्यांत सुधीर फडके होते. घरात बाबूजींची गाणी ऐकत मोठ्या झालेल्या कित्येकांना हे ठाऊक नसतं.

महाराष्ट्रातून आलेल्या सत्याग्रहींना वगळून चालणार नाही. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोठी तुकडी गोव्यात शिरली. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. मधू लिमये जुलैत आले, त्यांना बारा वर्षांची. दीडएक वर्षाच्या कैदेनंतर १९५७ च्या फेब्रुवारीत सुटका झाली आणि त्याच वर्षी गोरे पुण्यातून लोकसभेवर निवडून गेले. गटात पुणेकर असेल तर हे त्याच्याकडे द्या, तो रंगवून सांगेल.

शेवटची दोन नावं बहुधा कोणालाच माहीत नसतात: मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल. भारतीय लष्कराच्या ७ लाइट कॅव्हलरीचे हे अधिकारी डिसेंबर १९६१ च्या गोवा मुक्तीच्या कारवाईत इथे आग्वादला मारले गेले. आतल्या कैद्यांना सोडवायला ते आले होते.

कोणीतरी कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराजचा विषय काढेलच. त्याला १९८६ मध्ये मुंबईचे पोलीस अधिकारी मधुकर झेंडे यांनी पर्वरीतल्या एका हॉटेलात पकडलं. गोष्ट फक्कड आहे, पण ती पर्वरीची. जेवणाच्या टेबलापर्यंत थांबवून ठेवा.

जाताना

पणजीहून मांडवी पूल ओलांडून पर्वरीचा चढ न चढता डावीकडे मालीं-बेतीचा नदीकाठचा रस्ता धरा. स्वतःची गाडी नसेल तर पणजीहून फेरीबोटीने बेतीला उतरता येतं. बेती म्हणजे रानड्यांचं बेती, हे वाटेतच सांगून टाका.

डिसेंबरचा बेत असा ठेवा: तीनच्या सुमारास पणजी सोडायची, रेइश मागूशला तासभर. तिथे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आहेत, स्वातंत्र्यलढ्याचं दालन आहे, आणि वरून पणजीचा अख्खा किनारा दिसतो. दरवाज्याच्या वरचं भोक तेवढं पाहा. चालून येणाऱ्या शत्रूवर तिथून उकळतं तेल ओतायची सोय होती. मग वेरें, नेरूल, कांदोळी, सिकेरी करत पाचला आग्वाद. वाटेत चहा घ्या आणि काहीतरी खाऊन घ्या, कारण पुढचे तीन तास भूक लागली की माणूस फक्त भुकेचा विचार करतो. भाड्याची दुचाकी असेल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. खासगी गाडी भाड्याने देणारे देतात, पण पोलिसांनी अडवलं तर संध्याकाळ तिथेच संपते.

आत शिरल्यावर

पहिला फेरा मुकाट्याने आणि भरभर. फलक वाचत बसू नका. अंगण, बराकी, कोठड्यांची ओळ, पाण्याकडची भिंत, स्वच्छतागृह, बाहेर पडायचं दार. कुठे पायरी तुटकी, कुठे उंबरा उंच, हे पायांना कळू द्या. अंधारात डोळ्यांपेक्षा हीच ओळख उपयोगी पडते.

दुसरा फेरा फलकांचा. यात अर्धा तास जाऊ द्या. एका कोठडीत प्रत्येकाने एकेकट्याने जाऊन ती पावलांनी मोजायची, लांबी आणि रुंदी. हात पसरून भिंती लागतात का पाहायचं. आकडा लक्षात ठेवा, बोलू नका.

सूर्यास्ताला सगळ्यांनी पाण्याच्या बाजूला या. समोर, मांडवीच्या मुखापलीकडे, काबोचं टोक दिसतं. आज तिथे गोव्याच्या राज्यपालांचं निवासस्थान आहे. पोर्तुगीज काळात ते गव्हर्नर जनरलचं होतं. शिक्षा देणारी राजवट आणि शिक्षा भोगणारे कैदी, दोघांनाही तेच पाणी, तीच भरती-ओहोटी. हे मी पाटीवर वाचलेलं नाही. समोर बोट दाखवलं की लहान मुलालाही कळतं.

आता दिवा लावायची घाई कराल. करू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक लखलखाट ती सगळी कमाई घालवतो. गटाकडे मिळून दोनच टॉर्च असू द्यात, काचेवर लाल जिलेटीन कागद रबरबँडने बांधलेले. लाल उजेडात पायरी दिसते आणि डोळे बिघडत नाहीत. टॉर्च नेहमी जमिनीकडे.

मग तिसरा फेरा, ज्यासाठी आलात तो. कोठड्यांच्या ओळीपाशी थांबा, परवानगी असेल तर दिवे मालवून घ्या आणि पाच मिनिटं कोणीही बोलायचं नाही. आधी काहीच ऐकू येत नाही असं वाटतं. मग लाटा सुटसुटीत होतात: खडकावर आपटणारी वेगळी, भिंतीच्या पायाशी घोळणारी वेगळी. मालींच्या जेटीवरून निघालेल्या ट्रॉलरचं इंजिन येतं आणि हळूहळू समुद्राकडे विरतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तो आवाज नसतो. कैद्याला बाहेरचं जग एवढंच मिळत होतं, कानांनी. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या गुप्त पोलिसांनी मारून झाल्यावर, घरचं पत्र नाही, खटल्याची तारीख नाही, अशा रात्री.

पाच मिनिटांनंतर नावं सुरू करा. एकेकाने, आपल्या जागेवरूनच, आवाज न चढवता. दगडी बराकीत आवाज घुमतो, सावकाश बोला. पहिल्याने मघाशी मोजलेल्या पावलांचा आकडा सांगून सुरुवात केली की बाकीच्यांना सूर सापडतो. मध्ये कोणी हसलं तर रागावू नका. अंधारात माणसं घाबरली की हसतात.

भुतांच्या गोष्टी इथे सांगू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना इथे छळलं त्यांची नावं, गावं, वर्षं आपल्याला माहीत आहेत. त्यांचं भूत करून टाकणं म्हणजे त्यांना पुन्हा एकदा निनावी करणं. तीच गोष्ट रीलची. हातकड्या घालून, गजांमागे रडका चेहरा करून व्हिडिओ काढणारी टोळकी मी पाहिली आहेत. त्यांना थांबवायला जाऊ नका, तुमच्या गटाला दुसऱ्या दालनात न्या.

बरोबर काय

पूर्ण लांबीची सुती पँट, मागे पट्टा असलेली चप्पल नाही तर रबरी तळव्याचे बूट, पाणी, ओडोमॉस. नदीकाठ आहे, संध्याकाळचे डास सोडत नाहीत. जांभ्याच्या सपाट्यावर फुरसं असतं. आकाराने लहान, रंगाने मातीसारखं आणि विषारी. म्हणून फरसबंदी सोडून गवतात उतरायचं नाही, अंधारात भिंतीच्या फटीत हात घालायचा नाही आणि दगडावर बसण्याआधी टॉर्च मारायची. साप चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. अवयव न हलवता १०८ ला फोन करा.

आठ-नऊ वर्षांखालच्या मुलांना दुसऱ्या फेऱ्यानंतर बाहेर आणा. गंमत म्हणून कोणालाही कोठडीत बंद करू नका; जुनी कडी अडकली तर गंमत तिथेच संपते. आणि बंदिस्त जागेत जीव घुसमटणारी माणसं प्रत्येक गटात असतात. ती सांगत नाहीत, दाराशी रेंगाळतात. त्यांना अंगणात बसवायचं, कारण विचारायचं नाही.

फोटो काढायचेच तर दुसऱ्या फेऱ्यात काढा. तिपाईसाठी विचारावं लागतं, ड्रोन परवानगीशिवाय उडवायचाच नाही. भिंतीवर नाव कोरण्याची खोड असलेल्यांना एवढं सांगा की वरच्या किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

परतताना

आठनंतर बस मिळेल असं धरून चालू नका. टॅक्सी असेल तर जातानाच परतीचे पैसे आणि वेळ ठरवा आणि चालकाचा नंबर दोघांकडे ठेवा. दार बंद व्हायच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर या, म्हणजे रखवालदाराला हाका मारत फिरावं लागत नाही. डोकी मोजा. दुचाकीवाल्यांनी दहा मिनिटं दिव्याखाली थांबून डोळे पुन्हा उजेडाला रुळू द्यावेत आणि मगच निघावं; उतारावर समोरून येणाऱ्या गाड्यांचे प्रखर झोत एकदम डोळ्यांत येतात.

जेवायला नेरूलला थांबा, कांदोळीपेक्षा शांत आहे. किंवा सरळ पणजी गाठा आणि गाड्यावरचं रोस आमलेट, म्हणजे रश्शात बुडवलेलं आमलेट खा. पावलांचे आकडे तिथे काढा. एकाच कोठडीचे प्रत्येकाचे आकडे वेगळे निघतात आणि त्यावर तासभर वाद चालतो. शोभराजही तेव्हाच. वरचा किल्ला राहिला असेल तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत.